भिंगारदिवेमामांचा दगड

भिंगारदिवेमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भंगाराच्या ढिगावर उकिडवे बसून मोडक्या लोखंडाला कानस लावत होते, आणि मी त्यांना भंगारवाला समजले. माझा नोकरीचा पहिला दिवस. नगरच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप अगदी शेवटच्या ओळीत, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून भंगाराचं दुकान. केडगावहून सायकल मारत आलेली मी, फाटक सापडेना म्हणून मागच्या बाजूला गेले आणि ढिगावरच्या माणसाला जरा तोऱ्यातच विचारलं, "ओ, इथं कंपनी कुठंय?" माणूस वळला नाही. एका तुकड्यावरून कानस ओढली, तुकडा टाकून दिला. दुसरा घेतला, पुन्हा ओढली. या खेपेला कानस सर्रकन घसरली, तसा चेहरा खुलला. "हे आपलं," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तपासनीला नवीन बाई येनार हुत्या, त्या तुमीच का? चला, मी बी तिकडंच निघालोय."

तो तुकडा म्हणजे मोठ्या करवत मशिनचं मोडकं पातं होतं. कानस घसरते म्हणजे ते लोखंड कानशीइतकं तरी कडक, म्हणजे त्याचं हत्यार होऊ शकतं, असा हिशेब. दुसरी परीक्षा आत आल्यावर. कोपऱ्यात धार लावायचं ग्राइंडर होतं, त्याला आम्ही सगळे दगडच म्हणायचो. मामांनी पात्याचं टोक दगडाला नुसतं टेकवलं. "पांढऱ्या फुलबाज्या उडल्या की साधं पोलाद," मला म्हणाले, "आन अशा तांबूस, मरतुकड्या ठिनग्या आल्या की समजायचं, ऐवज हाय." दुपारपर्यंत त्या पात्याचा दोन बोटांएवढा तुकडा लेथवर चढला होता आणि बबनच्या हाताखाली एका भोकाच्या आतून गोल खाच पाडत होता. बबन म्हणजे आमचा लेथवाला, मिरजगावचा, तोंडानं फटकळ. तो म्हणाला, "ताई, ह्या खाचेचं हत्यार मुंबईहून मागवायचं तर म्हैना जातो. आन किंमत ऐकली ना, तर शेठ चार दिस जेवत न्हाईत."

आता हे जरा सांगितलं पाहिजे. आम्ही चौदा माणसं, मोठ्या कंपन्यांसाठी छोटे छोटे भाग बनवायचो. भाग जितका अडनिडा, तितकं त्याचं हत्यार खास, आणि हत्यार जितकं खास तितकं महाग. मोठ्या कंपन्यांकडे अशा हत्यारांची कपाटं भरलेली असतात. आमच्याकडे मामा होते. शेठ कॅटलॉग उघडायचे, चित्र बघायचे, किंमत बघायचे, कॅटलॉग मिटायचे आणि कोपऱ्यात जाऊन म्हणायचे, "मामा, असं काही जमेल का?" मामांचं उत्तर ठरलेलं. "बघू की." या दोन शब्दांवर आमच्या चौदा घरांच्या चुली पेटत होत्या, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण मी तिथं होते, मला माहीत आहे.

आणि एवढं असून मस्टरवर मामांच्या नावापुढे काय लिहिलेलं? हेल्पर. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कारकुनाची चूक आहे. बबनला विचारलं तर तो हसला. "ते चौथी शिकलेत ताई. चौथीवाल्याला टूलरूमचा मानूस म्हनून कोन लिहिनार?" मामांना स्वतःला याचं काही वाटत होतं का, ते कळायचं नाही. त्यांना दिवाळीच्या कपड्याचं, पगाराचं, कशाचंच फारसं पडलेलं नसायचं. एकच हट्ट होता. दगडावर दुसरं कुणी बसायचं नाही. तेलाचा रिकामा डबा, त्यावर घडी घातलेलं पोतं, हे त्यांचं आसन. रोज सकाळी आल्यावर कानशीच्या लाकडी मुठीनं दगडाला हलकेच ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर दगड सुरू. बद्द आला तर चीर आहे, फुटेल, बदला. मी सात वर्षं तिथं होते, ते दगडावर असताना एक दिवस हे चुकलं नाही.

धार लागली का हे ते डाव्या अंगठ्याच्या नखावर बघायचे. धार नखावर टेकवायची. घसरली तर बोथट, चिकटली तर बरोबर. त्या नखावर इतक्या रेघा होत्या की नख कुठलं आणि रेघ कुठली कळू नये. विकत आणलेल्या एखाद्या महागड्या हत्याराला ते जावई म्हणायचे. "जावई आलेत, जरा जपून. त्येंना गार पानी द्या." सगळे हसायचे, पण मामा खरोखरच ते हत्यार दोन्ही हातांनी घ्यायचे. फडक्यात बांधून ठेवायचे.

ते काही जादूगार नव्हते. मोडक्या बेअरिंगच्या कड्यापासून एक हत्यार करायचं त्यांच्या मनात भरलं होतं. मी म्हटलं, शेठ म्हणाले, बबन म्हणाला, की ते ठिसूळ आहे, सोडा नाद. ऐकतील तर मामा कसले! तिसऱ्या दिवशी ते चालत्या लेथवर फुटलं आणि एक कपची त्यांच्या गालात घुसली. टाके घालून आले ते थेट माझ्या टेबलापाशी. मला वाटलं, सहानुभूती हवी असेल. तर म्हणाले, "तुमी बरोबर हुता. पन आता का बरोबर हुता ते मला कळलं." मी चिडून म्हटलं, "गाल फाडून घेतल्यावर?" तर म्हणे, "गाल भरतो ओ."

माझं आणि त्यांचं तपासणीवरून भांडण व्हायचंच. मी मापाच्या बाबतीत कडक, जरा भांडखोरच म्हणा. एकदा मी त्यांच्या हत्यारानं झालेला सगळा माल लाल पेटीत टाकला. लाल पेटी म्हणजे नापास मालाची. मामा आले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, पेटीतला एक भाग हातात घेऊन उजेडाकडे धरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताईंचं बरोबर हाय. माझंच हत्यार वाकडं हाय." आणि ते हत्यार स्वतः मोडून टाकलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नाही. निदान चढवू नये असं ठरवलं तरी.

आमचं नशीब उघडलं ते एका पोलादी नळीनं. तिच्या तोंडाशी भोक रुंद, आत गेल्यावर अरुंद, मध्ये एक पायरी. साध्या पद्धतीनं तीनदा मशिनवर चढवावी लागायची आणि मग परवडायची नाही. पुण्याहून हत्यारं विकणारा एक माणूस आला. चकचकीत बॅगेतून त्यानं एक ड्रिल काढलं. पुढे बारीक, मागे जाड, एकाच झटक्यात दोन्ही मापांचं भोक. मामांनी हात पुसले, ड्रिल घेतलं, पाच मिनिटं फिरवून फिरवून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला तेव्हा जे दिसलं ते कौतुक होतं, दुसरं काही नाही. "लई सुरेख केलंय," म्हणाले. "ज्यानं केलं त्येला आमचा नमस्कार सांगा." किंमत ऐकून शेठनी चहाचा कप खाली ठेवला. मामांनी ड्रिल परत त्याच्या कागदात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी भंगारातून टोक मोडलेलं एक जाडं ड्रिल आलं. मामा त्याचा पुढचा भाग दगडावर बारीक करायला बसले. पहिलं जळालं. दुसऱ्याच्या दोन्ही धारा सारख्या आल्या नाहीत, भोक लंबगोल पडलं. मीच नापास केलं. तिसरं तयार व्हायला आठवडा लागला. त्यानं पहिली नळी कापली तेव्हा लोखंडाचा कीस दोन बाजूंनी सारखा, गुंडाळत वर आला, आणि बबननं मशिन बंद करून मामांच्या पाया पडायचं नाटक केलं. पुढची तीन-चार वर्षं आम्ही त्या नळीवर जगलो.

मग सर्टिफिकेटची साथ आली. त्या वर्षांत एमआयडीसीत जो तो गुणवत्तेच्या सर्टिफिकेटच्या मागे लागला होता. नळी घेणाऱ्या कंपनीनं शेठना कळवलं, सर्टिफिकेट घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी ऑर्डर नाही. एक सल्लागार येऊ लागले. टाय घातलेले, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "हे ड्रिल कुठल्या कंपनीचं?" मी म्हटलं, "आमच्याच कोपऱ्यातलं." त्यांनी मामांकडे पाहिलं, मस्टर पाहिलं, आणि मान हलवली. म्हणाले, हत्यार घरी केलेलं चालेल, पण त्याचं ड्रॉइंग हवं, प्रत्येक कोन आकड्यात हवा. आणि ते बनवणारा माणूस कागदावर लायक हवा.

शेठनी मला बोलावलं. "ताई, तुम्ही मामांकडून सगळं लिहून घ्या. एकदा कागद झाला की ते दगडावर बसलेत की आणखी कुठं, कोण बघतंय?" मला ते पटलं. इतकं पटलं की मी धावत मामांकडे गेले आणि म्हटलं, "मामा, कागद झाला की तुमची दगडावरची जागा पक्की. माझा शब्द." शब्द द्यायची मला काय घाई झाली होती, देव जाणे.

पुढचे दहा-बारा दिवस मी वही घेऊन त्यांच्या डब्याशेजारी बसले. नाकी नऊ आले. "मामा, धारेच्या मागं उतार किती देता?" "घासनार न्हाई एवढा." "म्हणजे किती?" "म्हंजे बगा, लई दिला तर धार पातळ हून तुटती. कमी दिला तर घासती. त्येच्या मधी." मग मी कोन मोजायचं यंत्र लावायची आणि आकडा लिहायची. मामा आकड्याकडे कौतुकानं बघायचे. "असं हाय व्हय ते? मला वाटलं, जरा जास्त आसंल." न विचारलेलंही सांगायचे. गरम झालेलं हत्यार पाण्यात बुचकळू नका, बारीक तडे जातात, आपोआप गार होऊ द्या. शेवटचा हात हलका फिरवा. सगळं.

बबनला हे बघवेना. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो सरळ म्हणाला, "मामा, येडे का खुळे तुमी? एखादी गोष्ट पोटात ठेवा की. सगळं कागदावर गेलं तर तुमचं काय उरलं?"

मामांनी भाकरीचा घास थांबवला. "माजा बाप ऊसतोडीच्या टोळीत हुता. देवळालीकडं जायचो आमी, मी ल्हान हुतो. आख्ख्या टोळीच्या कोयत्यांना बाप धार लावायचा. कुनाला शिकवली न्हाई. म्हनायचा, शिकवली तर मला कोन इचारंल. फडातच ताप येऊन गेला. दुसऱ्या दिवशी बायांनी बोथट कोयत्यानं ऊस तोडला. माज्या आईचे हात असे सुजले हुते." त्यांनी दोन्ही हातांनी केवढे ते दाखवलं. "मंग मी शिकलो, माजा मीच. पोटात ठिवून काय करू, बबन?" बबननं आपल्या डब्यातली चटणी मामांच्या भाकरीवर वाढली.

नळीचं ड्रिल मी शेवटी ठेवलं होतं, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं. मशिनवर एक ड्रिल चालू होतं, त्यानं हजारो नळ्या केलेल्या. मी म्हटलं, हेच काढा, ह्याचंच माप घेते. मामा म्हणाले, "ह्येचं नको ताई. ह्ये दमलंय." मला वाटलं, बबनचं बोलणं अखेर लागलेलं दिसतंय, मामांना हे एक द्यायचं नाहीये. मी जरा कडक होऊन म्हटलं, "मामा, काम करतंय ते ड्रिल मला मोजायचंय. नवीन केलेलं कसं निघेल कुणाला ठाऊक?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ड्रिल काढून हातात दिलं. मी मोजलं, लिहिलं, खाली माझी सही केली. झकास सही केली.

सर्टिफिकेटची तपासणी आली त्या दिवशी सल्लागारांनी सुचवलं की मामांना सुट्टी द्यावी, उगाच प्रश्न नकोत. शेठनी दिली. मामा घरी गेले नाहीत. चौदा एप्रिलच्या जयंतीला घालायचे तो पांढरा शर्ट घालून ते समोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर उभे राहिले. मला खिडकीतून दिसत होते. आम्ही पास झालो. पेढे वाटले. मी एक पेढा घेऊन टपरीवर गेले, तर मामांनी तो कपाळाला लावून खाल्ला. म्हणाले, "मंग, उद्यापासनं बसतो दगडावर."

नाही बसले. पुढच्याच महिन्यात दिलीप आला. चाळिशीकडे झुकलेला, आयटीआय झालेला, त्याची आधीची कंपनी बंद पडलेली. माणूस चांगला होता, म्हणून आणखीच राग येत होता. मी शेठना जाब विचारला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर सहा महिन्यांनी तपासणी आहे ताई. चौथी शिकलेला माणूस मी तिथं कसा दाखवू? मामांचा पगार मी एक पैसा कमी केलेला नाही. आता तुमचे कागद आहेत ना?" माझे कागद! मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी मामांना वाचवायला म्हणून जे लिहिलं, त्यानंच त्यांना उठवलं होतं. मामांच्या हातात झाडू आला. मशिनखालचा कीस गोळा करायचा, गाडीत भरायचा. दिलीपनं तेलाचा डबा काढून स्टूल आणलं.

आठवड्याभरात माझी लाल पेटी भरू लागली. दिलीपनं कागदाबरहुकूम केलेली ड्रिलं शंभर नळ्यांत जळत होती, भोकं खरबरीत येत होती. बिचारा घामाघूम व्हायचा. "ताई, तुम्हीच मोजा, कागदात आहे तसंच आहे." मी मोजायची. तंतोतंत तसंच असायचं. आधी मी दगडाला दोष दिला, मग हत्यार गार ठेवणाऱ्या कूलंटच्या पाण्याला, मग पोलादाला. नऊ दिवस. ऑर्डरची तारीख डोक्यावर आली आणि शेठ माझ्याशी बोलेनासे झाले.

दहाव्या दिवशी मी बबनच्या मशिनमागे गेले. मामा झाडत होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी कीसाची एक चिमूट माझ्यापुढे धरली. निळसर, भुग्यासारखा. "घासतंय," म्हणाले. "मागं उतार कमी हाय."

"पण मी मोजून लिहिलाय!"

"दमलेल्या ड्रिलचा. चालून चालून त्येची धारंमागची कड झिजून सपाट झाल्ती. तरी आधीच्या पुन्याईवर चाललं हुतं. तुमी ती झीजच मोजली. आता ह्यो दिलीप नवं ड्रिल झिजल्यालंच बनवतोय."

"मामा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या दिवसापासनं. कीस बघितला की कळतंय."

"मग बोलला का नाहीत?"

झाडू भिंतीला टेकवून ते म्हणाले, "कागदावर सही कोनाची हाय? तुमची. मी शेटला जाऊन काय सांगू, ताईंनी चुकीचं लिवलं म्हनून?" मग जरा थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आन खोटं कशाला बोलू, मला राग बी आल्ता. म्हनलं बघू द्या, नुसता कागद काय करतोय ते."

तो राग माझ्यावरही होता आणि तो मला मान्य होता. मी तशीच शेठच्या खोलीत गेले आणि सांगितलं, चूक माझी, मामांनी मला आधीच बजावलं होतं, मी ऐकलं नाही. शेठ जे बोलायचं ते बोलले, ते इथं लिहीत नाही. बोलून झाल्यावर म्हणाले, "जाऊ दे. मामांना सांगा, गुपचूप चार ड्रिलं करून द्या. कागद राहू दे आहे तसा."

मामा दारातच उभे होते. माझ्या मागोमाग कधी आले मला कळलंही नव्हतं. "गुपचूप न्हाई करनार शेट," ते म्हणाले. "सोळा वर्सं गुपचूपच केलं."

शेठ बघतच राहिले. मामांनी आतापर्यंत त्या खोलीत काही मागितलं नव्हतं. त्या भिंतीवर एक तक्ता होता, सर्टिफिकेटसाठी केलेला: नाव, शिक्षण, काम. त्यात मामांचं नाव अगदी खाली, कामापुढे सफाई. मामांनी त्याच्यावर बोट ठेवलं. "हितं माझं नाव दगडाम्होरं लिवा. मंग दिलीपला बी शिकवतो, कागद बी नीट करून देतो."

"आणि शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू मामा? तपासणीवाला विचारेल मला."

"चौथी पास. खरं हाय ते लिवा. लाज वाटायची तर मला वाटंल." त्यांचा आवाज चढला नव्हता. बोट पुढच्या रकान्यावर सरकवलं. "म्होरच्या रकान्यात काम लिवा. ते बी खरं हाय."

मी म्हटलं, "तपासणीवाल्याला मी उत्तर देईन." खरं तर माझ्याकडे कसलंही उत्तर नव्हतं. शेवटी शेठनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी सफाई खोडलं आणि लिहिलं: हत्यारं बनवणे व शिकवणे. अक्षर वाकडं आलं. तो तक्ता आम्ही नंतर नवा केला, पण मला तो खोडलेलाच आवडायचा.

त्याच दुपारी मामांनी नवं ड्रिल केलं आणि धार लावल्या लावल्या माझ्या हातात दिलं. "आता मोजा. ह्ये ताजं हाय." फरक जेमतेम होता, पण होता. मी कागदावरचा आकडा बदलला. दिलीपच्या ड्रिलांनी पुन्हा कीस गुंडाळत वर काढायला सुरुवात केली. ऑर्डर वेळेवर गेली. मामा दगडावर बसायचे, दिलीप शेजारी. दिलीप बसायचा, मामा शेजारी. सहा महिन्यांनी तपासणीवाला आला. तक्त्यावरून त्याचं बोट खाली आलं आणि मामांच्या ओळीवर थांबलं. "चौथी पास?" मी तोंड उघडायच्या आत दिलीप बोलला, "साहेब, मी आयटीआय आहे, पण हे काम मी यांच्याकडून शिकलो." त्या माणसानं ड्रिल पाहिलं, नळी पाहिली, काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला. आमच्यात त्याला एकच दोष सापडला. आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपलेली होती.

पुढे दीडेक वर्षानं मला पुण्याकडे नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेत मी कोपऱ्यात गेले. मामा नळीचं ड्रिल करत होते. मान वर न करता म्हणाले, "जरा थांबा ताई, शेवटचा हात हाय." मी थांबले. दिलीप बाजूला उभा होता. दगड थांबला, मामांनी ड्रिल नखावर टेकवलं, उजेडाकडे धरलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि दिलीपकडे दिलं. "बघ."

दिलीपनं पाहिलं. काही बोलेना. माझी इतक्या वर्षांची तपासणीची नजर, मला उभ्या जागेवरून दिसत होतं. एका धारेचा उतार कमी पडला होता.

"बोल की," मामा म्हणाले.

"मामा, डावी बाजू... थोडी राहिलीय."

मामांनी ड्रिल परत घेतलं. डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. त्यांना ते दिसत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं, आणि दिलीपलाही कळलं. मग त्यांनी त्या धारेवरून हलकेच अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, दोनदा. "व्हय," म्हणाले. "ऱ्हायलीय खरी."

ते उठले. फडक्यानं हात पुसले, एकेक बोट पुसलं. ड्रिल दिलीपच्या हातात ठेवलं आणि त्याला खांद्याला धरून दगडापुढं आणलं.

"बस," म्हणाले. "आता तू."

दिलीप बसला. दगड सुरू झाला. मामा माझ्याकडे वळले आणि माझी पिशवी उचलून म्हणाले, "चला ताई, फाटकापर्यंत येतो." दगड चालू असताना मामा कुणाला सोडायला उठलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते. आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो. मामांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.